कार्बाइड इन्सर्ट एवढे महाग का झाले, आणि वापरलेल्या इन्सर्टच्या डब्यांचे काय करावे?

साकीनाका_गाळा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

साकीनाक्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा गाळा आहे. वडिलांनी एका लेथवर सुरू केलेल्या या कामात आता दोन सीएनसी टर्निंग मशीन आणि एक मिलिंग मशीन आहे. पंपांचे शाफ्ट, व्हॉल्व्हचे स्पिंडल आणि स्टेनलेस स्टीलचे फ्लँज अशी जॉबवर्कची कामे आम्ही घेतो. मजुरी आणि वीज यांच्या खालोखाल आमचा मोठा खर्च कार्बाइड इन्सर्टवर, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायच्या आणि झिजल्यावर बदलायच्या कापणाऱ्या तुकड्यांवर, होतो. कार्बाइड म्हणजे अर्थातच टंगस्टन कार्बाइड. आंबे लवकर पिकवण्यासाठी बेकायदा वापरतात ते कॅल्शियम कार्बाइड निराळे.

ज्या दुकानातून आम्ही वर्षानुवर्षे इन्सर्ट घेतो, तिथले दरपत्रक पूर्वी वर्षातून एकदा बदलत असे. आता ते दोन-तीन महिन्यांत बदलते आणि प्रत्येक वेळी वरच जाते. विचारले की "टंगस्टन महाग झाले आहे" एवढेच उत्तर मिळते. ग्राहकांशी वर्षाचे दर आधीच ठरलेले असल्यामुळे ही वाढ आमच्याच अंगावर पडते, म्हणून यामागचे खरे कारण काय आणि ती किती काळ टिकेल, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. टंगस्टनऐवजी दुसरा एखादा धातू वापरता येत नाही का, हाही प्रश्न त्याबरोबरच येतो. नागपूर जिल्ह्यात टंगस्टन असल्याचे शाळेत असताना वाचल्याचे आठवते. मग आपल्याला ते बाहेरून का आणावे लागते?

दुसरी गोष्ट भंगाराची आहे. वडिलांनी झिजलेला इन्सर्ट कधी फेकला नाही. ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यांत ते सगळे साठवत गेले आणि आज असे चार डबे, मिळून सुमारे २० किलो, मांडणीखाली पडून आहेत. गेल्या वर्षी पाचवा डबा मी एका भंगार व्यापाऱ्याला विकला. त्याने डब्याला चुंबक लावून दाखवले, इन्सर्ट चिकटले, आणि "यात लोखंड मिसळलेले आहे" असे सांगून त्याने ठरलेल्या भावाच्या निम्मेच पैसे दिले. माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी ते मान्य केले. आता दुसरे व्यापारी आपणहून फोन करून बराच जास्त भाव देऊ करत आहेत. विकावे की थांबावे, आणि विकताना आपल्या हातात नेमके काय आहे हे कसे ओळखावे?

मुलुंड_धातुशास्त्र

आपल्या वडिलांनी ते डबे जपून ठेवले हे फार मोलाचे काम केले आहे, आणि का ते मी हिशेबाने दाखवतो. भुकटी धातुशास्त्राच्या, म्हणजे धातूची भुकटी दाबून आणि भाजून वस्तू घडवण्याच्या, कामात माझी तीस वर्षे गेली आहेत, म्हणून उत्तर थोडे लांबेल. पण धातूचा स्वभाव समजल्याशिवाय त्याचा बाजार समजत नाही, असा माझा अनुभव आहे.

चुंबकाचे आधी सांगतो, कारण तिथे आपले नुकसान झाले आहे. इन्सर्ट म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण कोबाल्टच्या बंधकाने घट्ट बांधून केलेला तुकडा असतो. टर्निंगच्या इन्सर्टमध्ये कोबाल्ट साधारण ६ ते १० टक्के असते. कोबाल्ट हा लोखंड आणि निकेल यांच्याप्रमाणेच चुंबकाकडे ओढला जाणारा धातू आहे, त्यामुळे चांगल्यातला चांगला इन्सर्टही चुंबकाला चिकटतो. चिकटला म्हणजे त्यात लोखंड आहे, हा निष्कर्ष चुकीचा आहे. पोलादाचा तुकडा चुंबकाकडे झेप घेतो आणि इन्सर्टची ओढ त्या मानाने सौम्य असते, हा फरक सरावलेल्या हाताला कळतो. पण त्यावर भाव ठरवणे योग्य नाही.

आता टंगस्टनच का, याविषयी. हा धातू ३,४२२ अंश सेल्सियसला वितळतो आणि सर्व धातूंत हा द्रवणांक सर्वाधिक आहे. लोखंड १,५३८ अंशांनाच वितळते. टंगस्टनची घनता १९.२५, म्हणजे शिशापेक्षा दीडपटीहून अधिक आणि जवळपास सोन्याइतकी आहे. 'टंगस्टन' या नावाचा स्वीडिश भाषेतला अर्थच 'जड दगड' असा होतो, आणि त्याची डब्ल्यू ही खूण 'वोल्फ्राम' या दुसऱ्या नावावरून आली. १७८१ मध्ये शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने त्याचे आम्ल खनिजातून वेगळे केले आणि १७८३ मध्ये स्पेनमधल्या एल्हुयार बंधूंनी प्रत्यक्ष धातू मिळवला. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ शुद्ध रूपातल्या या धातूचा मोठा उपयोग झाला नाही, कारण एवढ्या तापमानाला वितळवून ओतायचे तर त्यासाठी मूसच मिळत नाही, आणि भुकटी दाबून भाजून केलेली कांडी ठिसूळ निघून तुटते. विजेच्या दिव्यांनी हे चित्र बदलले. अमेरिकेत कूलिज यांनी १९१० च्या सुमारास तापवून, ठोकून आणि ओढून टंगस्टनची लवचीक तार तयार करण्याची रीत बसवली, आणि पिवळ्या बल्बमधली तार पुढे शतकभर तीच राहिली.

कार्बाइडचा जन्मही याच तारेतून झाला, आणि ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. टंगस्टनची तार ओढण्यासाठी हिऱ्याच्या डाय, म्हणजे बारीक भोकाचे साचे, लागत आणि त्या फार महाग पडत. त्यांना पर्याय शोधताना जर्मनीतल्या ओसराम या दिवे बनवणाऱ्या कंपनीत श्रोटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टबरोबर भाजून पाहिली. तयार झालेला पदार्थ कठीण तर होताच, शिवाय त्यात थोडा चिवटपणाही होता. क्रुप कंपनीने तो 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून 'विडिया' या नावाने बाजारात आणला. माझे पहिले फोरमन कार्बाइडच्या प्रत्येक टिपेला, ती कोणत्याही कंपनीची असो, विडियाच म्हणत. आपल्या वडिलांच्या तोंडीही हा शब्द असेल.

पर्यायाचा प्रश्न इथे येतो. हायस्पीड स्टीलचे, म्हणजे टूलसाठीच्या खास मिश्र पोलादाचे, टूल सुमारे ६०० अंशांपर्यंत धार टिकवते. कार्बाइड त्याच्या बऱ्याच पुढे टिकते. साध्या पोलादावर हायस्पीड स्टीलने मिनिटाला २५-३० मीटर वेगाने काम होत असेल, तर कोटिंग केलेल्या कार्बाइडने १५० ते २५० मीटरने होते. आपली सीएनसी मशीन या वेगासाठीच बांधलेली आहेत. शिवाय हायस्पीड स्टीलमध्येही टंगस्टन असतेच: जुन्या टी-१ प्रतीत १८ टक्के, आणि मॉलिब्डेनम घातलेल्या एम-२ मध्ये सुमारे ६ टक्के. कठीण केलेल्या पोलादासाठी सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड), ओतीव लोखंडासाठी सिलिकॉन नायट्राइड, हलक्या फिनिशिंगसाठी सरमेट (सिरॅमिक कण धातूने बांधून केलेला पदार्थ) आणि ॲल्युमिनियमसाठी कृत्रिम हिरा हे पर्याय आपापल्या जागी उत्तम आहेत. हिरा मात्र पोलादावर चालत नाही, कारण तापल्यावर त्यातला कार्बन लोखंडात विरघळू लागतो. आपल्यासारख्या मिश्र जॉबवर्कमध्ये, जिथे सकाळी स्टेनलेस आणि दुपारी साधे पोलाद लागते, तिथे कार्बाइडची जागा पूर्णपणे घेईल असे आज काही नाही.

भाववाढ खरी आहे. दुकानदार सबब सांगत नाही. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या टंगस्टनपैकी सुमारे ८० टक्के एकट्या चीनमधून येते. २०२४ मध्ये जगाचे उत्पादन सुमारे ८१,००० टन होते आणि त्यातले सुमारे ६७,००० टन चीनचे होते. उरलेल्यात व्हिएतनाम, रशिया, उत्तर कोरिया, बोलिव्हिया, रवांडा, ऑस्ट्रिया, स्पेन आणि पोर्तुगाल यांचा थोडाथोडा वाटा आहे. चीन आपल्या खाणींना दरवर्षी कोटा ठरवून देतो. २०२५ च्या पहिल्या हप्त्यात तो ६२,००० टनांवरून ५८,००० टन कॉन्सन्ट्रेटवर (दगड वेगळा करून समृद्ध केलेल्या धातुकावर) आणला गेला. त्याच्या थोडे आधी, ४ फेब्रुवारी २०२५ रोजी, चीनने टंगस्टनच्या काही पदार्थांची निर्यात परवान्याखाली आणली. ही बंदी नव्हती. पण परवाना कधी मिळेल आणि कोणाला मिळेल याची खात्री नसली की खरेदीदार साठा करू लागतात आणि भाव चढतो. त्याच महिन्यात काँगोने कोबाल्टची निर्यात थांबवली आणि पुढे ऑक्टोबरपासून त्यावर कोटा लावला. म्हणजे इन्सर्टमधला मुख्य पदार्थ आणि त्याला बांधणारा धातू, दोन्ही एकाच वर्षी महागले. मागणीही वाढते आहे: सौर पॅनेलसाठी सिलिकॉनच्या चकत्या कापायला आता टंगस्टनची बारीक तार वापरू लागले आहेत, आणि संरक्षण साहित्याची गरज सगळीकडेच वाढली आहे.

टंगस्टनचा भाव तांबे-ॲल्युमिनियमसारखा लंडनच्या धातू बाजारात जाहीरपणे ठरत नाही. अमोनियम पॅराटंगस्टेट, म्हणजे एपीटी, या पांढऱ्या स्फटिकरूप मधल्या पदार्थाचा भाव व्यापारी आपसांत ठरवतात आणि व्यापारी नियतकालिके तो छापतात. त्याचे एककही वेगळे आहे. दर 'मेट्रिक टन युनिट'ला, म्हणजे १० किलो टंगस्टन ऑक्साइडला सांगतात, आणि त्यात ७.९३ किलो शुद्ध टंगस्टन असते. २०२५ च्या आरंभी हा दर ३५० डॉलरच्या आत होता आणि वर्ष संपण्याआधीच तो दुपटीहून वर गेला.

आता आपल्या डब्यांचा हिशेब करू. टंगस्टन कार्बाइडमध्ये वजनाने सुमारे ९४ टक्के टंगस्टन असते. कोबाल्ट आणि काही इन्सर्टमध्ये असलेली टायटॅनियम-टँटलमची कार्बाइडे वजा केली, तरी आपल्या २० किलोत निदान १६ किलो टंगस्टन निघावे. हिशेबासाठी युनिटला ७०० डॉलर धरले, तर एक किलो टंगस्टन सुमारे ८८ डॉलरला पडते आणि डब्यांतल्या धातूचे मूल्य १,४०० डॉलरच्या आसपास होते. आपण विकाल त्या दिवशीचा दर या गुणाकारात घालावा. एवढे सगळे पैसे आपल्या हातात पडणार नाहीत, कारण तो धातू पुन्हा वेगळा करण्याचा खर्च आणि मधल्या व्यापाऱ्यांचा नफा त्यातूनच निघतो. पण समोरचा माणूस देतो ती रक्कम या आकड्याचा कितवा हिस्सा आहे, हे आता आपल्याला कळेल.

खाणीच्या बाजूने पाहिले तर फरक अधिकच ठळक दिसतो. ज्या धातुकात ०.३ टक्के टंगस्टन ऑक्साइड आहे, ते खाण चालवण्याजोगे मानले जाते. अशा एक टन दगडात जेमतेम २.४ किलो टंगस्टन असते. आपल्या मांडणीखालचे चार डबे म्हणजे साडेसहा टनांहून अधिक धातुक आहे, तेही फोडलेले, दळलेले आणि शुद्ध केलेले.

नागपूरविषयी आपल्याला आठवते ते बरोबर आहे. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनची खनिजे आहेत, परंतु तिथे व्यापारी उत्पादन होत नाही. राजस्थानातल्या नागौर भागातल्या डेगाण्याची खाण पहिल्या महायुद्धाच्या काळापासून प्रसिद्ध होती. तीही १९९० च्या दशकात बंद पडली, कारण चीनच्या स्वस्त मालापुढे तिचा खर्च परवडेना. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत टंगस्टन घातले आणि पट्ट्यांचे लिलाव सुरू केले. आंध्र प्रदेशातल्या बालेपाळ्यमचा पट्टा हिंदुस्तान झिंककडे गेला. तमिळनाडूत मदुराईजवळच्या नायकरपट्टीचा लिलावही त्याच कंपनीने जिंकला होता. पण त्या पट्ट्यात अरिट्टापट्टी हे जैवविविधता वारसा क्षेत्र येत असल्यामुळे लोकांनी तीव्र विरोध केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला. तो विरोध मला योग्य वाटतो, कारण डोंगर पुन्हा उभा करता येत नाही. आणि लिलाव झाल्यापासून खाणीतून माल येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. तोपर्यंत भारतातले सर्वांत समृद्ध टंगस्टन आपल्यासारख्यांच्या गाळ्यांतल्या डब्यांतच आहे, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

नागदेवी_टूल्स

मुलुंडच्या सरांनी कारणे सांगितलीच आहेत. मी दुकानदाराच्या बाजूने थोडे लिहितो. नागदेवी स्ट्रीटवर आमचे कटिंग टूल्सचे दुकान आहे. आम्हालाही माल जुन्या भावाने मिळत नाही, आणि मागवलेली पेटी कोणत्या दराने येईल हे ती हातात पडेपर्यंत सांगता येत नाही, हे आपण लक्षात घ्यावे.

खर्च कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विकत घेतलेली प्रत्येक धार वापरणे. आमच्याकडे भंगारात येणाऱ्या इन्सर्टमध्ये निदान एक कोपरा कोरा असलेले तुकडे मला रोज दिसतात. रात्रपाळीचा ऑपरेटर इन्सर्ट फिरवून लावण्याऐवजी नवाच लावतो, कारण कोणती धार वापरलेली आहे ते अंधुक उजेडात त्याला कळत नाही. वापरलेल्या कोपऱ्यावर मार्करने ठिपका देण्याची सवय लावली, तर एवढ्यानेच बचत दिसू लागते. आपण सीएनएमजी, म्हणजे समभुज चौकोनी आकाराचा इन्सर्ट, वापरत असाल तर त्याला ८० अंशांच्या चारच धारा मिळतात. ज्या जॉबवर तीन कोपऱ्यांचा डब्ल्यूएनएमजी चालतो तिथे तो घेतला, तर एका तुकड्यात सहा धारा मिळतात. धारक बदलावा लागतो, पण तो खर्च एकदाच होतो. सीएनएमजीचे उरलेले १०० अंशांचे कोपरेही वाया घालवू नयेत. त्यासाठी वेगळा धारक मिळतो आणि रफ फेसिंगला ते चांगले चालतात. सॉलिड कार्बाइडच्या एंडमिल आणि ड्रिल पुन्हा धार लावून व कोटिंग करून दोन-तीनदा वापरता येतात.

भंगार विकण्याआधी ते निवडावे. इन्सर्ट, सॉलिड कार्बाइडचे तुकडे, पोलादी दांड्याला ब्रेझिंग केलेल्या (पितळेसारख्या धातूने झाळून जोडलेल्या) टिपा आणि हायस्पीड स्टीलचे ड्रिल हे चार प्रकार वेगवेगळे ठेवावेत, कारण मिसळलेल्या मालाला नेहमी त्यातल्या सर्वांत हलक्या प्रकाराचा भाव लागतो. इन्सर्टच्या डब्यात सरमेट आणि सिरॅमिकचे तुकडे मिसळले असतील, तर तेही काढावेत. ते दिसायला सारखे असतात, पण हातात घेतल्यावर निम्म्या वजनाचे वाटतात. इन्सर्टचा सोनेरी रंग पाहून कोणी वेगळा भाव सांगितला, तर त्याकडे लक्ष देऊ नये. तो टायटॅनियम नायट्राइडचा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो, आतला माल तोच.

वजन आपल्या काट्यावर आधी करून ठेवावे आणि व्यवहार बिलावरच करावा. नोंदणीकृत व्यापाऱ्यांमधल्या धातूच्या भंगाराच्या मोठ्या सौद्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटीचा २ टक्के टीडीएसही लागू झाला आहे. आपल्या व्यवहाराला तो लागतो का, हे आपल्या लेखापालांना आधी विचारावे.

मुलुंड_धातुशास्त्र

हातातल्या वजनाच्या अंदाजापेक्षा पक्की परीक्षा घरच्या घरी करता येते, म्हणून पुन्हा लिहितो. एक ग्रॅम अचूकतेचा काटा, पाण्याचे भांडे आणि बारीक तार एवढेच लागते. इन्सर्ट तारेत ओवून आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून, भांड्याला न टेकवता, लटकवून तोलावेत. वजन जितके ग्रॅम घटते, तितके घनसेंटिमीटर त्यांचे आकारमान असते. हवेतल्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. शंभर ग्रॅम माल पाण्यात सात ग्रॅमने घटला, तर घनता १४ च्या वर येते आणि तो कार्बाइड आहे. तेवढेच पोलाद सुमारे १३ ग्रॅमने घटते आणि सरमेट १५ ग्रॅमच्या आसपास. गेल्या वर्षी ही परीक्षा व्यापाऱ्यासमोर केली असती, तर लोखंडाचा वाद तिथेच मिटला असता. बुडबुडे इन्सर्टच्या भोकात अडकतात, म्हणून पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण घालावा.

झवेरी_बाजार_पारख

ही पाण्याची परीक्षा कार्बाइड आणि पोलाद यांच्यासाठी उत्तम आहे, पण ती वाचून कोणी सोन्यासाठी वापरू नये, एवढेच सांगण्यासाठी लिहितो. सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनची १९.२५ असल्यामुळे आत टंगस्टन घालून वरून जाड सोन्याचा थर दिलेली लगड पाण्यात तोलून ओळखता येत नाही. क्ष-किरणांचे यंत्रही पृष्ठभागाजवळचाच थर वाचते, म्हणून तेही फसते. अशा वेळी आम्ही ध्वनिलहरींचे यंत्र लावतो: सोन्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे ३,२४० मीटर वेगाने जातो आणि टंगस्टनमधून ५,२०० मीटरने, त्यामुळे लगडीच्या जाडीचा हिशेब जुळत नाही आणि आतला धातू उघड होतो. विजेच्या वहनातही दोघांत दुपटीहून अधिक अंतर आहे. वितळवून पाहिले तर प्रश्नच उरत नाही. सोने १,०६४ अंशांना वितळते आणि टंगस्टन मुशीत तसेच पडून राहते.

आर्गॉन_माझगाव

मी टिग वेल्डिंगचे, म्हणजे टंगस्टनच्या कांडीने आर्गॉन वायूच्या आवरणात आर्क पेटवून जोड देण्याचे, काम करतो, म्हणून आमच्या टंगस्टनविषयी थोडे लिहितो. आमच्या टॉर्चमधली कांडी जवळजवळ शुद्ध टंगस्टनची असते, कारण आर्क पेटलेला असताना तिने स्वतः वितळून वेल्डमध्ये पडता कामा नये. तिच्यात एक-दोन टक्के दुसरे ऑक्साइड मिसळले की आर्क सहज पेटतो आणि स्थिर राहतो. वर्षानुवर्षे आम्ही लाल टोकाची, म्हणजे २ टक्के थोरियमची कांडी वापरली. थोरियम किरणोत्सर्गी आहे. वेल्डिंग करताना धोका फारसा नसतो, परंतु टोक घासताना उडणारी धूळ श्वासातून आत गेली, तर ती शरीरात राहते. आता मी निळ्या टोकाची, २ टक्के लँथॅनमची कांडी वापरतो; स्टेनलेस पाइपवर मला तिचा आर्क तितकाच चांगला वाटतो आणि ती धास्तीही उरत नाही.

घासण्यावरून आपल्याला एक विनंती करतो. कार्बाइडच्या टिपा गाळ्यात कोरड्या घासत असाल तर ते बंद करा. कार्बाइडच्या धुळीतल्या कोबाल्टमुळे फुप्फुसांचा गंभीर आजार होतो, आणि टूल घासणाऱ्या एका कारागिराला तो झालेला मी जवळून पाहिला आहे. जिना चढताना त्याला प्रत्येक मजल्यावर थांबावे लागे. पाणी सोडून घासावे, धूळ ओढणारा पंखा लावावा आणि चांगला मास्क घालावा. आमच्या कांड्यांचे उरलेले आखूड तुकडेही मी आता डब्यात जमा करतो. ते जवळजवळ शुद्ध टंगस्टन असल्यामुळे मी ते कार्बाइडमध्ये मिसळत नाही.

साकीनाका_गाळा

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी मुलाला बरोबर घेऊन चारही डबे ओतून निवडले. तीन डब्यांतून घेतलेल्या नमुन्यांची घनता १४.१ ते १४.६ आली. चौथ्या डब्यात मात्र सव्वा किलो तुकडे हलके निघाले आणि त्यांची घनता ६.७ आली, म्हणजे ते सरमेट असावेत. फिनिशिंगसाठी आम्ही काही काळ ते वापरत होतो, हे वडिलांनी आठवून सांगितले. निवडताना एकही धार न वापरलेले अकरा इन्सर्ट सापडले, आणि एक कोपरा कोरा असलेले तर किती तरी. नागदेवीच्या दादांचे म्हणणे आमच्याच डब्यात खरे ठरले. टिपा घासण्याच्या ग्राइंडरला पाण्याची नळी आजच जोडून घेत आहे.

आता एकच प्रश्न उरतो. भाव वाढतच असेल, तर सगळा माल आणखी वर्षभर ठेवावा का?

मुलुंड_धातुशास्त्र

माझे मत थांबू नये असे आहे. टंगस्टनचा बाजार लहान आहे आणि लहान बाजारात भाव जितक्या वेगाने चढतो, तितक्याच वेगाने उतरतो. २०११ मध्येही एपीटी असाच चढून साडेचारशे डॉलरच्या आसपास गेला होता, तेव्हा माझ्या ओळखीच्या अनेकांनी भंगार दाबून ठेवले. २०१५ च्या अखेरीस तो दोनशेच्या खाली आला. यावेळी पुरवठ्याची अडचण अधिक खोल आहे असे मला वाटते, परंतु परवान्यांचा एक सरकारी निर्णय बदलला तरी चित्र पालटू शकते. आपला व्यवसाय शाफ्ट वळवण्याचा आहे. निम्मा माल आता विकून इन्सर्टच्या पुढच्या खरेदीला लावावा, आणि उरलेला दर तिमाहीला थोडा थोडा द्यावा. म्हणजे विक्रीचा सरासरी भाव आणि खरेदीचा सरासरी भाव एकमेकांच्या जवळ राहतील.

शक्य असेल तर शेजारच्या चार-पाच गाळ्यांचा माल एकत्र करावा. पुनर्वापर करणारे कारखाने कार्बाइड वितळलेल्या जस्तात ठेवतात; जस्त कोबाल्टमध्ये शिरून तुकडा फुगवते आणि फोडते, मग जस्त उडवून काढले की कार्बाइड आणि कोबाल्टची भुकटी जशीच्या तशी परत मिळते. या पद्धतीला एकसारखा, स्वच्छ माल लागतो, त्यामुळे निवडलेल्या शंभर किलोच्या गठ्ठ्याला ते थेट दर देतात आणि मधले दोन हात कमी होतात. सरमेट त्यात अजिबात जाऊ देऊ नये, त्यातले टायटॅनियम सगळी भुकटी बिघडवते.

आता पाणी सोडून घासणार आहात, तर ग्राइंडरच्या खालच्या टाकीत करडा गाळ साचू लागेल. तो नाल्यात सोडू नये. वाळवून, झाकणाच्या वेगळ्या डब्यात भरावा. त्याला इन्सर्टपेक्षा कमी भाव येतो, कारण त्यात चाकाची धूळ मिसळलेली असते, पण त्यातले टंगस्टन रासायनिक पद्धतीने काढून घेणारे खरेदीदार आहेत. आणि ते अकरा कोरे इन्सर्ट भंगारात पुन्हा जाण्याआधी मशीनवर लावावेत.